भूमितीच्या पेपरपर्यंतचा उपास

माझा नवरा सौमित्र शाळेत गणित शिकवतो आणि त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. दर जानेवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की कुणीतरी आई-बाप आमच्या दारात उभे राहतात आणि हा पायात चप्पल सरकवून त्यांच्या घरी शिकवायला निघतो.

या वर्षी गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ पेठेतल्या, राजमतीकाकी आल्या. त्यांच्या घरचं चांदीच्या पैंजणांचं दुकान आहे, माल हुपरीहून येतो. मुलगी आदिती दहावीला. भूमितीच्या पेपरात जिथं जिथं ‘सिद्ध करा’ होतं तिथं तिनं सुबक आकृती काढली होती आणि पुढच्या प्रश्नाकडं गेली होती. तिच्या वडिलांनी, बाहुबलीकाकांनी, सांगून टाकलं होतं: गणित गेलं तर शिक्षण बंद, दुकानात बसायचं, अठरा पूर्ण झाली की स्थळं बघायची. राजमतीकाकींना हे नवीन नव्हतं. त्यांचंही दहावीला गणितच गेलं होतं आणि त्याच वर्षी लग्न झालं होतं.

“पोरीला तेवढं तारून न्या सर,” काकी म्हणाल्या. सौमित्रनं चप्पल घातली.

अडचण होती वेळेची. शाळा सुटल्यावर तो साडेपाचला त्यांच्याकडं पोचायचा. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. आणि घरी आलेल्या माणसाला नुसतं बसवून आपण जेवायचं, असली रीत कोल्हापुरात नाही. सौमित्रनं पुस्तक उघडलं की समोर ताट यायचं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर लोण्याचा गोळा. “घ्या की सर, लाजतासा काय!” वर्तुळाला स्पर्शिका काढेपर्यंत दुसरी भाकरी पडायची. ताटं उचलली जायची तेव्हा सरांचे डोळे मिटायला लागलेले असायचे. अशानं सौमित्रचा पट्टा एक भोक पुढं गेला आणि आदितीची भूमिती होती तिथंच राहिली.

शेवटी एका सोमवारी तो म्हणाला, “आज उपास आहे माझा.”

याचा हिशेब असा, की उपास म्हणजे आमच्या घरच्यासारखा. फार तर बशीभर साबुदाण्याची खिचडी येईल, ती दोन घासांत संपवून शिकवायला लागू. घर कुणाचं आहे हे तो विसरला. त्या घरात उपास म्हणजे उपास. काकींनी ताट मागं घेतलं, उकळून गार केलेलं पाणी ठेवलं आणि चक्क हात जोडले.

“कशासाठी धरलाय सर?”

“भूमितीच्या पेपरपर्यंत,” हा गडबडीत म्हणाला. काकींचे डोळे मोठे झालेले पाहून त्यानं घाईनं जोडलं, “म्हणजे रोज एकवेळ जेवायचं. दुपारी.”

“एकाशन!” काकी म्हणाल्या. “आमच्या आदितीसाठी!” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आता माघार घ्यायची कशी, हे सौमित्रला कुठल्याच प्रमेयात सापडेना.

मला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. घरी आल्यावर तो रोजच्यासारखा जेवत होता. तिकडं मात्र शिकवणी एकदाची सुरू झाली. शेजारच्या खोलीत घरची माणसं जेवायची आणि हा पाणी पिऊन शिकवायचा. ते जमेना, तेव्हा जाता जाता कोपऱ्यावरच्या गाडीवर कांदाभजी हाणून जायला लागला. आदिती निमूट लिहायला लागली. आपल्यासाठी कुणी उपाशी बसलंय म्हटल्यावर आकृत्या रंगवत बसायची माणसाला लाज वाटते. प्रमेयं तिला पाठ झाली. स्वतःच्या डोक्यानं सिद्धता लिहायची म्हटली की मात्र पेन थांबायचं.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर भेळ खात होतो. एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. “नमस्कार सर. नमस्कार मॅडम.” मी कौतुकानं म्हटलं, “बघ बाई तुझे सर! दुपारी तांबडा-पांढरा दोन वाट्या रिचवलाय, तरी भेळ पाहिजेच.” मुलीनं भेळेकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि निघून गेली. सौमित्रच्या घशात मुरमुरा अडकला. रंकाळ्यावरून घरी येईपर्यंत त्यानं मला सगळं सांगितलं. मी त्याला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी आदितीनं त्याच्यापुढं एक कागद सरकवला. तो अजून माझ्याकडं आहे.

‘साध्य: सरांचा उपास खोटा आहे.
सिद्धता: समजा, सरांचा उपास खरा आहे.
म्हणून सर दिवसातून एकदाच जेवतात. (एकाशनाची व्याख्या)
रविवारी सर दुपारी जेवले. (मॅडमनी सांगितले)
रविवारी सर संध्याकाळी भेळ खात होते. (डोळ्यांनी पाहिले)
म्हणून सर एकाहून अधिक वेळा जेवतात. ही विसंगती आहे.
म्हणून आपण मानलेले चूक आहे.’

सौमित्रनं तो तीनदा वाचला. एक पायरी गाळलेली नव्हती, प्रत्येक पायरीला कारण होतं. त्यानं लाल पेन काढून पैकीच्या पैकी दिले, आणि मग मान खाली घातली.

“आईनंबी धरलाय,” आदिती हळूच म्हणाली. “परका माणूस माझ्या पोरीसाठी एकवेळ जेवतोय आणि मी दोनदा गिळू व्हय, म्हणती.”

“मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना.”

“आत्ता न्हाय. पेपर झाल्यावर सांगा. तवर खरा धरा की.”

सौमित्रनं खरा धरला. भेळ गेली, भजी गेली, रात्रीचं जेवण गेलं. रविवारी मटणाची दुसरी वाटी नाही. मी मुद्दाम त्याच्यासमोर बसून जेवायची. माझा राग एवढ्यात उतरणारा नव्हता. पण तो वाळत गेला तशी माझी भाजी मलाच गोड लागेना.

भूमितीचा पेपर झाला. आदिती केंद्राबाहेर आली ती हसतच. स्पर्शिकेचंच प्रमेय आलं होतं. “‘समजा, स्पर्शिका त्रिज्येला लंब नाही,’ इथनं सुरू केलं आणि हातच थांबंना,” म्हणाली. मे महिन्यात निकाल लागला आणि ती चांगली पास झाली, हेही आत्ताच सांगून टाकते. लोकांना टांगून ठेवायची मला हौस नाही.

दिवस मावळायच्या आत राजमतीकाकींकडं पारणं होतं. उपास धरणाऱ्याची बायको म्हणून मलाही पाट मांडला होता आणि मला तो टोचत होता. काकींनी दुधाचा पेला पुढं केला. “आधी सर. मग मी.”

सौमित्रनं पेला खाली ठेवला. “काकी, सुरुवातीला मी खोटं बोललो. उपास नव्हता माझा. तुम्ही मात्र...”

“म्हाईत हाय मला,” काकी म्हणाल्या.

आदितीच्या हातातली पळी तशीच राहिली.

“आमच्या घरात कांदा येत न्हाय सर. तुम्ही दारातनं आत आला की जिन्यापस्तोर वास यायचा भज्याचा. मग एका सोमवारपासनं थांबला. तवा म्हटलं, आता खरा धरला.”

“मग वास आला त्याच दिवशी बोलला का नाहीत?” मी विचारलं.

काकींनी पेला उचलून परत सौमित्रच्या हातात दिला.

“पोरगी पुस्तकात मान घालून बसली हुती, तिला कशाला उठवू?” त्या म्हणाल्या. “माझ्या दहावीला कुणी खोटासुदिक धरला नव्हता.”

सौमित्र दूध प्यायला. मग काकी प्यायल्या. आदितीनं आधी आईला वाढलं.