मधले गवत

वेंडेल टूक्सने शिट्टी दातांत धरली आणि घोड्याचा लगाम आखडला. साठ पावलांवर, हिवाळ्याने फिक्या पडलेल्या गवतात, त्याची शिकारी कुत्री फर्न थबकली होती. पुढचा उजवा पाय अर्धा उचललेला, शेपूट ताठ, मान किंचित खाली. ऐन धावण्याच्या भरातून काळ तेवढा काढून घ्यावा आणि देह तसाच उरावा, तशी ती उभी होती. तिच्या मागे वीस पावलांवर म्हातारा कुत्रा एमसही थांबला. त्याच्या नाकापर्यंत लाव्यांचा वास पोचला नव्हता. फर्नच्या पोचला आहे, एवढे त्याला पुरेसे होते.

मागे खेचरांची वॅगन करकरत थांबली. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या या दक्षिण टोकाला फेब्रुवारीतली दुपार पाइनच्या खोडांवरून मधासारखी उतरत होती. हे रान ज्यांचे, त्या मिसेस ऑल्ड्रिच वॅगनच्या पायरीवरून सावकाश उतरल्या. पंच्याहत्तरी ओलांडली तरी बंदूक त्या स्वतःच उचलून घेत.

शिकारीच्या हंगामाचे चार दिवस उरले होते. पुढच्या पिल्लांसाठी यंदा एकच मादी ठेवायची, फर्न किंवा तिची बहीण हेझेल, असे बाईंनी ठरवले होते आणि निवड वेंडेलवर सोडली होती. उरलेली अलाबामातल्या एका दुकानदाराकडे जाणार होती, त्याच्या व्हरांड्यात लोळायला. फर्नच्या नाकाबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण या हिवाळ्यात दोनदा तिने थांबलेली जागा आपल्या मनाने सोडली होती, आणि वेंडेलच्या कायद्यात याला माफी नव्हती. कुत्र्याने एकदा पक्ष्यांवर रोख धरला, की वेंडेलने येऊन डोक्यावर थाप देईपर्यंत हलायचे नाही. अडतीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या एकाच कुत्रीने हा कायदा पुन्हा पुन्हा मोडला होता. रूबीने. तिला त्याने देऊन टाकले होते. फर्न त्याच रूबीच्या नातीची मुलगी.

वॅगन हाकणारा क्लिऑन यावरून त्याला सकाळपासून छळत होता. तू कुत्री शिकवत नाहीस, रविवारी चर्चमध्ये पोरं गप्प बसवतोस, असे त्याचे म्हणणे. आज हिने पाय हलवला तर अलाबामा, असे वेंडेलने त्याला एकदाच आणि शांतपणे सांगितले होते.

फर्नने उचललेला पाय खाली टेकवला.

"गेली," क्लिऑन पुटपुटला.

ती पक्ष्यांवर झेपावली नाही. उजवीकडे वळून, पोट जमिनीसरसे ठेवून, मोठा वळसा घेत ती ओकच्या खुरट्या झुडपांआड दिसेनाशी झाली. वेंडेलने शिट्टी फुंकली. ती परतली नाही.

पुढे काय करायचे ते त्याच्या अंगवळणी पडलेले होते. सरळ चालत जायचे, कुत्रीला उचलायचे, तिने सोडलेल्या जागी आणून ठेवायचे, आणि तिला कळेपर्यंत तिथेच उभे करायचे. पण गेल्या उन्हाळ्यात गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून घोड्यावरून उतरणे हेच एक लांबलचक काम होऊन बसले होते. पाय पलीकडून आणायचा, खोगिराला धरून राहायचे, जमीन गुडघ्याला मान्य होईपर्यंत वाट पाहायची.

तो वाट पाहत असताना फर्न पलीकडच्या बाजूने बाहेर आली आणि पुन्हा थिजली. या खेपेस तिचे तोंड त्यांच्याकडे होते.

"बघ, कशी बघतीय तुझ्याकडं," क्लिऑन म्हणाला. "चोरी करताना सापडल्यासारखी. रूबीपण अश्शीच बघायची."

वेंडेलने पाहिले. एक हात खोगिरावर, दुसरा गुडघ्यावर. त्याने इतका वेळ, इतके स्थिर, कदाचित पहिल्यांदाच पाहिले. फर्न त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर तिच्या पुढच्या जमिनीत रुतली होती आणि नाकपुड्या सावकाश उघडझाप करत होत्या. एमसनेही अंग सैल सोडले नव्हते. मान वळवून तो तिच्या नव्या जागेला तितक्याच आदराने सामोरा उभा होता. वारा पडलेला होता. तरी मधल्या गवतातली एक काडी हलली. थांबली. मग अलीकडची दुसरी.

हिवाळाभर बंदुकीचा आवाज ऐकलेले लावे आता सहजी उडत नसत; गवताच्या मुळांतून पायी निसटत. फर्नने ते ओळखले होते. ती पक्ष्यांना सोडून गेली नव्हती, त्यांची वाट अडवायला गेली होती. आता पुढे ती आणि मागे माणसे; मध्ये जेवणाच्या मेजाएवढे गवत, आणि त्यात जमिनीला बिलगलेला एक अख्खा थवा.

वेंडेलने शिट्टी तोंडातून काढली.

"बाईसाहेब, इथून नको. फर्न समोर आहे. माझ्यामागून डावीकडं या."

तो लंगडत, मोठा वळसा घेत चालला. फर्ननेच घातला होता तसा. बाईंना बाजूला उभे करून, त्यांची बंदूक मोकळ्या रानाकडे राहील हे पाहून, त्याने काठीने गवताची कड हलवली.

जमीनच पंख फुटून उठली. चौदा लावे, एकाच धडधडत्या श्वासात, पाइनच्या सावल्यांमधून तिरपे. बाईंनी एकदा गोळी झाडली, एक पक्षी पडला, बाकीचे ओढ्यापलीकडे उतरले. फर्नची शेपूटसुद्धा हलली नाही.

पिसे गवतावर उतरेपर्यंत वेंडेल तिथेच उभा होता. सव्वीस वर्षांपूर्वी तो घोड्यावरून उडी मारून उतरत असे. अशाच मधल्या गवतातून, तरातरा, वळसा घालून पुढे थांबलेल्या रूबीच्या रोखाने. पक्षी उडत ते त्याच्या बुटांपाशी. आणि दर वेळी ते त्याने तिच्याच माथी मारले होते.

"मग, वेंडेल?" बाईंनी बंदूक उघडत विचारले. "कोणती ठेवायची?"

"फर्न."

"पण तिनं जागा सोडली. तुमचाच नियम आहे."

"सोडली, बाईसाहेब."

 तो फर्नपाशी गेला. ती अजून थापेची वाट पाहत होती. त्याने थाप दिली. हात मात्र तिच्या डोक्यावरच राहिला.

क्लिऑन पाण्याचे भांडे घेऊन आला. फर्न पिऊ लागली.  रूबीला देऊन टाकले तेव्हा तिला नव्या मालकाच्या गाडीत क्लिऑननेच चढवले होते.

"रूबीच्या वेळी एवढा थांबला नव्हतास कधी," तो म्हणाला.

वेंडेल वाकून फर्नच्या कानात अडकलेले कुसळ काढत होता.

"तेव्हा माझा गुडघा धड होता," तो म्हणाला.