तक्त्यातले चाळीस आकडे

पानाबाईनं पहिला खोटा आकडा लिहिला तेव्हा तिचा हात क्षणभर अडला होता. पुढे तो अडेनासा झाला.

तिचे यजमान हुकूमचंद कारंज्यातले कापडाचे व्यापारी. दम्यानं पार खंगलेले. १९३७ साली डॉक्टर डोणगावकरांनी दम्याच्या सहा रोग्यांना योग करायला लावला. नुसता गुण येणं डॉक्टरांना पुरेसं नव्हतं. योगातल्या नेमक्या कोणत्या भागानं तो येतो, हे मोजायचं होतं. म्हणून घरोघरी त्यांनी एक तक्ता दिला. आसनं किती मिनिटं, श्वास किती आकडे मोजेपर्यंत रोखला, किती वेळा रोखला, शवासनात किती वेळ पडले. लिहितावाचता येणाऱ्या घरच्या माणसानं घड्याळ घेऊन समोर बसायचं आणि पाहून लिहायचं. इथं ते काम पानाबाईकडे आलं.

हुकूमचंदांना श्वास रोखायची धास्ती होती. सात-आठ आकडे झाले की ते घाबरून तोंड उघडत आणि सरळ सतरंजीवर आडवे होत. तासभर तसेच पडून राहत. उठताना सांगत, "लिव्ह. चाळीस आकडे, वीस वेळा."

"पण तुमी तर पडलेच होते."

"डॉक्टर काय म्हणन? शेटजीच्यानं येवढंबी होत नाई? लिव्ह!"

ती लिहीत गेली. आणि नवल म्हणजे, दमा खरंच उतरला. तीन महिन्यांत हुकूमचंद जिना न थांबता चढू लागले. पानाबाईला वाटलं, आकड्यानं कोणाचं काय बिघडतं?

चौथ्या महिन्याचा तक्ता द्यायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा बाकावर इंझोरीची कस्तुराबाई बसली होती. तिचा नवरा रामराव सहा रोग्यांपैकीच एक. शेतकरी माणूस, नुकताच हिवतापातून उठलेला.

"शेठाणीबाई, तुमचे शेटजी चाळीसपर्यंत दम कसा धरतात वं?" कस्तुराबाईनं विचारलं. "डॉक्टरसायबानं आमच्या मानसालेबी तेवढंच सांगतलं. आठ दिवस झाले, करून राह्यले. काल डोयापुढं अंधारी आली. म्या म्हटलं, सोडा. तर म्हणतात, शेटजीले जमते, मले काहून नाई जमनार?"

रामरावाच्या डोळ्यांपुढची अंधारी तिच्याच अक्षरात लिहिलेली होती. सांगितलं तर नवऱ्याची गावभर फजिती. आणि न सांगावं तर? तिनं कस्तुराबाईकडे पाहिलं. ती बिचारी पदराचं टोक बोटाला गुंडाळून उत्तराची वाट पाहत होती.

"आता कधी बसतात ते?" पानाबाईनं विचारलं.

"दिवस कलला का. खोलीची कडी लावून बसतात, कोनी बोलू नये म्हनून."

पानाबाई उठली आणि आपली पाळी नसताना आत शिरली. "डॉक्टरसाहेब, आमचा तक्ता खोटा हाय. त्यायनं एक दिवसबी श्वास रोखला नाई. म्या लिवला."

डॉक्टरांच्या हातातली लेखणी थांबली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एकदम पांढरे पडले. "याच तक्त्यावरून मी बाकीच्या पाचही जणांना श्वास रोखणं वाढवून दिलं," ते म्हणाले आणि बॅग उचलून बाहेर आले. बाकीचे चौघं कारंज्यातच होते. त्यांच्याकडे त्यांनी कंपाउंडरला धाडलं. स्वतःसाठी बैलांची दमणी जोडायला सांगितली. कस्तुराबाई बसली. पानाबाईही विचारल्याशिवाय चढली.

इंझोरीची वाट संपता संपेना. पानाबाई सारखी उन्हाकडे पाहत होती. बाभळींच्या सावल्या रस्ताभर लांबल्या होत्या. वाटेत बैल पाण्याला थांबले, तेव्हा तिला रडू फुटलं. "हाकला ना, पाणी मंग पाजा!" ती गाडीवानाला म्हणाली. कस्तुराबाईला तिनं सगळं सांगून टाकलं. कस्तुराबाई तोंड फिरवून बसली.

ते पोचले तेव्हा खोलीची कडी आतून लागलेली होती.

"अहो! ऐकून राह्यले का?" कस्तुराबाईनं दार बडवलं. आतून हूं नाही की चूं नाही. डॉक्टरांनी खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली. रामराव पाटावरून कुशीवर कलंडला होता. नाकातून रक्ताची धार मिशीपर्यंत आली होती.

डॉक्टरांनी नाडी धरली. पानाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाणी मारल्यावर बऱ्याच वेळानं रामरावानं डोळे उघडले. समोर डॉक्टरांना पाहून तो ओशाळला.

"चाळीस झाले नाई, सायेब. अठ्ठावीसलेच दम सुटला."

"ते चाळीस खोटे होते, भाऊ," पानाबाई म्हणाली. "आमच्या घरी कोनी केलेच नाई."

रामरावानं विचारलं, "मंग शेटजीचा दमा कायनं गेला?"

डॉक्टरांनीही मान तिच्याकडे वळवली. पानाबाईनं तिथंच सांगितलं: सकाळी तासभर दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, डोळे मिटून नुसतं पडणं. श्वास हळूहळू संथ व्हायचा. घड्याळ हातात असल्यानं तो तिनं अनेकदा मोजलाही होता. पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं आणि उकिडवं बसून सगळं लिहून घेतलं.

रामराव आठ दिवसांनी हिंडू-फिरू लागला. हुकूमचंद तेवढे दिवस पानाबाईशी बोलले नाहीत. ताट पुढे आलं की जेवत, उठत. नवव्या दिवशी सकाळी दमणी दारात उभी दिसली. हुकूमचंद टोपी घालून बाहेर आले.

"कुठं जाता?" तिनं विचारलं.

"इंझोरीले. त्याच्यापुढं काय बोलाव थे समजून नाई राह्यलं." ते चाकाजवळ घुटमळले. "तू येतं का?"

तिनं दार ओढून घेतलं आणि ती आधी चढून बसली.