नव्या कव्हराची माया

मित्रांनो, टीव्ही ऐकेनासा झाला की सगळं घर ज्याच्यावर तुटून पडतं, तो मी. एक जुना रिमोट! कारखान्यात माझ्या बटणांखाली मऊ रबराची गादी घातली, पोटात सेल बसवले आणि टीव्हीसोबत खोक्यात घालून मला या घरी पाठवलं.

इथले बाबा पुस्तकबांधणीचं काम करायचे. उघडी वस्तू त्यांना बघवत नसे. खोक्यातून काढल्या काढल्या त्यांनी मला प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं आणि वरून रबरबँड लावला. आई हसून म्हणायची, "एक दिवस मलाही कव्हर घालाल तुम्ही!"

"तू कुठे धूळ खात बसतेस?" बाबा म्हणायचे.

त्यांची एकुलती एक लेक चिमणी. टीव्ही बंद असला की ती त्याच्यापुढे उभी राहायची, मला तोंडाशी धरायची आणि बातम्या द्यायची. "नमस्कार. आईने बाबांना कपाट आवरायला सांगितलं आहे. बाबांनी कानांवर हात ठेवले आहेत." आईबाबा पोट धरून हसायचे. मी तिचा पहिला माइक होतो, मित्रांनो! या मानाने मी मनातल्या मनात फुगून जायचो.

पुढे चिमणी मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. मी कोपऱ्यात पडून असायचो. आणि एके दिवशी तिचा फोन आला. "बाबा, उद्या सातच्या बातम्या मी वाचणार आहे. पहिल्यांदाच! चुकवू नका हं, त्या पुन्हा दाखवत नाहीत."

बाबांच्या आनंदाला पारावार उरला नाही. एवढा मोठा दिवस, म्हणून त्यांनी मलाही नवं जाड कव्हर चढवलं आणि रबरबँडला आणखी एक वेढा दिला. मला जरा आवळल्यासारखं झालं, पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी सात वाजत आले तेव्हा आईने भिंतीवरचा खटका दाबला. टीव्ही लागला, पण त्यावर कुस्ती चालली होती. बाबांनी माझं बटण दाबलं. कुस्ती हटेना. उलट टीव्हीचा आवाज कमी कमी होत पार गेला. टीव्हीची स्वतःची बटणं तर केव्हाच निकामी झाली होती. बाबांनी मला तळहातावर आपटलं, सेल गोल फिरवले, मग नवे घातले. प्रत्येक वेळी कव्हर मात्र आठवणीने पुन्हा चढवलं, रबरबँडसकट!

"म्हातारा झाला हा," बाबा वैतागले. "उद्या नवा आणतो."

"उद्या आणून काय करायचंय? पोर आज दिसणार आहे!" आईचा आवाज रडवेला झाला होता. मलाही रडू येत होतं. ज्या पोरीने मला माइक केलं, तिच्याच दिवशी मी मुका!

तेवढ्यात आईचं लक्ष पडद्याकडे गेलं. "अहो, ती आवाजाची पट्टी बघा. शून्यावर बसलीये ती जातच नाही. आवाज कमी करायचं बटण दाबलंय का तुम्ही?"

"मी कुठे दाबतोय?"

आईने मला हातात घेऊन निरखलं. "तुम्ही नाही, तुमचा रबरबँड दाबतोय!"

मित्रांनो, आम्हा रिमोटांची ही खोडच आहे. एक बटण दाबलेलं राहिलं की बाकीच्यांचं आमच्या कानात शिरतच नाही.

"म्हणजे कव्हर काढायचं?" बाबा चाचरले.

"लेकीपेक्षा कव्हर मोठं झालं का?"

बाबांनी ते टरकावलंच. बटण टुणकन वर आलं आणि मी मोकळा श्वास घेतला. कुस्ती गेली, चिमणी आली! तिचे ओठ नुसतेच हलत होते. बाबांनी आवाज वाढवला आणि तिचा "नमस्कार" घरभर घुमला. आईने पदर डोळ्यांना लावला. बाबा टीव्हीलाच हात जोडून "नमस्कार, नमस्कार" म्हणत राहिले.

मित्रांनो, वस्तूंना जरूर जपा. सेल वेळेवर बदला, बटणं कोरड्या फडक्याने पुसा. पण मायेने इतकं आवळू नका की बोलायचीच सोय राहणार नाही.

पुढच्या सुट्टीत चिमणी घरी आली. "एकदा वाच ना," बाबा म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. तिने हसत मला उचलून तोंडाशी धरलं. इतक्या वर्षांत आमच्यामध्ये कायम प्लॅस्टिक होतं. त्या दिवशी तिचा ऊबदार श्वास पहिल्यांदा मला लागला.