रिकाम्या ट्रकचा मान

भाऊरावांच्या सासूबाई, राधाबाई, जवळच्या पाटण गावाहून आल्या त्या थेट ओसरीवरच्या खाटेवर आडव्या झाल्या. नातवाच्या बारशासाठी आल्या होत्या, पण त्याला पाळण्यात घालणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं. पाळणा त्यांनी पडल्या पडल्याच ऐकला. आणि येणारा-जाणारा भाऊरावांचं कौतुक करून जात होता.

"जावई असावा तर असा," शेजारच्या शकुताई म्हणायच्या. "सासूला आणायला अख्खा ट्रक रिकामा नेला. औषधाला एक पोतं नाही!"

हे कौतुक शहरातल्या बडा फुहाऱ्याच्या कापडबाजारापर्यंत पोचलं होतं. ते कानावर आलं की भाऊराव कपात तोंड खुपसत. राधाबाईंची कंबर त्या रिकाम्या ट्रकनंच धरली होती, आणि हे आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती.

ट्रक लढाई संपल्यावर लिलावात घेतलेला, लष्करी. त्याच्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, मुळातच दणकट. भाऊरावांनी गव्हाची पोती वाहायला त्यांवर दोन जादा लोखंडी पाटे चढवले होते, कारण गव्हाचा लोभ तोफेपेक्षा जड असतो. असा ट्रक भरलेला असला की पालखीसारखा चालतो, रिकामा असला की प्रत्येक खड्ड्याला उडी मारतो. भाऊरावांना हे पाठ होतं. पण सासू पोत्यांवर बसून निघाली तर पाटणचे लोक काय म्हणतील? त्यांनी ट्रक झाडून घेतला, मागं गादी घातली, लोड ठेवला आणि मान राखला. बाकीचं रस्त्यानं केलं.

आता वैद्यांनी राधाबाईंना उठायची परवानगी दिली होती. भाऊरावांनी कमानीवाल्याचं दुकान गाठलं. एका ढिगात जाड पाटे, दुसऱ्यात पातळ. हात सवयीनं जाड ढिगाकडे गेला आणि चटका बसावा तसा मागं आला.

"नरम दाखव."

"भैयाजी, फिर माल कम भरना पड़ेगा."

"कमच भरेन."

"ऐसा क्या ढोना है?"

"सासूबाईंना पोचवायचंय."

कमानीवाल्यानं पाटा खाली ठेवून हात जोडले. "सास के लिए कमानी! धन्य हो भैयाजी."

घरी बायकोनं ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, ऐकलंस? अजून काय करावं गं माणसानं!"

भाऊरावांना ते सोसेना. "कुंदा, पुरे. आईंची कंबर माझ्यामुळं गेली. ट्रक रिकामा होता म्हणून. उडणार हे मला ठाऊक होतं."

कुंदानं पदरानं डोळे पुसले. खाटेवरून आवाज आला, "मलेबी ठाऊक होतं."

"काय?"

"खाली बंडी उडते, भरली नाही उडत, हे आमच्या पाटणात शेंबड्या पोरालेबी समजते."

"मग बोलल्या काहून नाही, आई?"

"कशी बोलू, जवाईबुवा? तुम्ही येवढी गादी घातली, लोड ठेवला. सारी आळी पाहून राहिली होती. पोती भरा म्हटलं असतं तर तुमचा मान काय राहिला असता?"

भाऊराव खाली बसले. इतके दिवस एकच पाप बाळगत होते. आता कळलं की त्यांचा मान म्हातारीनं आपल्या कमरेवर वाहून आणला होता.

नव्या कमानी बसल्या. तरीही भाऊरावांनी ट्रकमध्ये मिठाची पोती भरली, पोत्यांवर गादी, गादीवर राधाबाई. ट्रक इतका अलगद चालला की वाटेत त्यांना डुलकी लागली.

पाटणच्या आळीत माणसं जमली.

"पाहा हो जवाई! सासूले मिठाच्या पोत्यांवर टाकून आणलं."

"लाज नाही वाटत?"

राधाबाई काही बोलायला तोंड उघडत होत्या. भाऊरावांनी हात जोडले.

"राहू द्या, आई. बोलू द्या त्यांना."

आणि सगळे थकेपर्यंत ते खाली मान घालून ऐकत उभे राहिले.