घडाचं बारसं

माझ्या धाकट्या भावाने, निवृत्तीने, पोटच्या पोरीचं बारसं अर्धा किलो पेढ्यांत उरकलं होतं. आणि आता द्राक्षाच्या एका घडासाठी मांडव!

झालं असं, दिंडोरीच्या आमच्या बागेत एका वेलीची एकच काडी वेड्यासारखी वागली. सगळीकडे मणी गोल, हिच्यावर बोटभर लांब. निवृत्तीची लेक निकिता शेतकी शिकलेली. ती म्हणाली, “म्युटंट आहे हा, आत्या. जनुक बदललं की असं होतं.”

“म्युटंट म्हणजे? शिवी आहे का गं?”

“नाही गं, लॅटिनमधून आलाय शब्द. मूळ अर्थ नुसता बदलणं. मराठीत उत्परिवर्ती.”

“मेलं, त्यापेक्षा लॅटिन बरं. पण बदललं कोणी?”

“कोणी नाही. आपोआप.”

नशीबवान! मला बदलताना तर कोणी विचारलंही नव्हतं. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सरिता’ लिहिलं आणि चंद्रभागा संपली. सासरी एकलहऱ्याला मी सरिता, माहेरी नुसती अक्का. आई गेल्यापासून ते जुनं नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. मरायच्या आधी एकदा ऐकायचं होतं, बस्स.

नव्या वाणाला मालकाचं नाव द्यायचं म्हणून निवृत्तीने गॉगल घातलेल्या फोटोसकट फ्लेक्सच लावला: ‘निवृत्ती सीडलेस’. पण बारसं म्हटलं की नाव ठेवायचा मान आत्याचा.

“अक्का, कानात ‘निवृत्ती’ म्हण हं,” तो दहादा बजावून गेला.

पाळणा बांधला, घडाला काजळाची तीट लावली. मग प्रश्न आला, घडाचा कान कुठे? भटजी म्हणाले देठाकडे, बायका म्हणाल्या शेंड्याकडे. निकिता म्हणाली, “द्राक्षाला कान नसतो.” तिला सगळ्यांनी गप्प बसवलं. शेवटी दोन्हीकडे सांगायचं ठरलं.

मी दोन्हीकडे कुर्रर्र केलं आणि मोठ्याने म्हणाले, “चंद्रभागा!” बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले.

निवृत्ती फ्लेक्सकडे बघत म्हणाला, “अक्का, ही चंद्रभागा कोण?”

सख्खा भाऊ! माझ्या लग्नात हा मांडवात रांगत होता, हे खरं. तरी धपाट्यांपेक्षा तेच जास्त लागलं.

“तुझी बहीण,” मी म्हटलं. “हाक मार एकदा.”

त्याने घडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बिचकत म्हणाला, “चंद्रभागाक्का?”

मी ओ दिली.