टेपवरची टाचणी

रविवारी उपासना संपता संपता पाळकांनी चष्मा सारखा केला आणि सांगितलं, "आपल्या मास्तरांचा उजवा हात उठला आहे. प्रभूची स्तुती असो." सगळी मंडळी उभी राहिली. शेवटच्या बाकावरून मीही उठले, कारण बसून राहिले असते तर लोकांनी वळून पाहिलं असतं. मागच्याच मंगळवारी मी तो हात तपासला होता. तो उठला नव्हता.

मी घरोघरी जाऊन व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसाला सहा घरं, बहुतेक जिने चढून. मास्तर शिंपी आहेत. पाच महिन्यांपूर्वी वरच्या फळीवरचा तागा काढताना ते स्टुलावरून पडले, दंडाचं हाड मोडलं आणि हाडाला बिलगून जाणारी नस दुखावली. हाड जुळलं. मनगट मात्र लोंबलं ते लोंबलंच. अशा हाताची मूठ वळते, पण उघडत नाही. "कात्री मिटते, उघडत नाही," मास्तर म्हणाले होते. "म्हणजे अर्धीच कात्री."

चूक मी पहिल्या दिवशी केली. नस परत कधी येईल, असं त्यांनी विचारलं. मला तेव्हा समजावून सांगायची हौस होती. मी त्यांच्याच गळ्यातली टेप मागून घेतली, मोडल्या जागेपासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत मोजलं आणि त्यांच्या खडूनं दंडावर खूण केली. अकरा सेंटिमीटर. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, सुरुवातीचा एक महिना सोडून द्यायचा. म्हणजे वीस आठवडे.

"दिवसाला एक मिलिमीटर?" मास्तर म्हणाले. "मी या वेगानं शिवलं असतं तर नवरदेव आजोबा होऊन कोट न्यायला आला असता."

पण गणित त्यांना आवडलं. त्यांनी टेपला एक टाचणी टोचली आणि महिना उलटल्यावर दर मंगळवारी ती सात मिलिमीटर पुढे सरकवू लागले. मी हाताला स्पर्श करण्याआधी ते टेप दाखवायचे. आठ सेंटिमीटर. नऊ. दहा. मी स्नायूवर बोटं ठेवून म्हणायची, "मनगट वर उचला," आणि वहीत शून्य लिहायची. दोन आठवड्यांपूर्वी टाचणी अकरावर पोचली. मी 'साधारण' म्हटलं होतं, पण टाचणीला साधारण कळत नाही. त्यानंतर मास्तरांनी ती सरकवली नाही, आणि मी विषय काढला नाही.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी दार काकूंनी उघडलं. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, एरवी पायपुसण्यावर पाय नीट न पुसणाऱ्याचा राग येतो. त्या दिवशी तिकडे लक्षच नव्हतं.

"ताई, या, या. अहो, दाखवा ना ताईंना!"

शिवणाची खोली पुढचीच. मशीनवर खोळ, खिडकीशी पुतळा, पुतळ्यावर पाच महिने अडकवलेला अर्धा कोट, पांढऱ्या कच्च्या टाक्यांसकट. मास्तर खुर्चीत बसले होते. मनगटाला आधार देणारा स्प्लिंट टेबलावर पडला होता.

"अगं, राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे कसं? एकदा करा."

मास्तरांनी मूठ गच्च आवळली आणि एकदम सोडली. मनगट जरासं उडालं आणि परत खाली आलं.

"पाहिलंत?" काकू म्हणाल्या.

मी पाहिलं होतं. असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. मूठ आवळणारे स्नायू ताणून सोडले की हात मागे उसळतो. उचलणारा स्नायू तेव्हा झोपलेलाच असतो. मी बसले, त्यांच्या हाताखाली उशी ठेवली, दोन बोटं स्नायूवर ठेवली. मूठ न वळता उचलायला सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग काकूंना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की ही नुसती उसळी आहे, हात उठलेला नाही.

त्या उभ्याच राहिल्या. "पण रविवारी सगळे उभे राहिले, ताई. तुम्हीसुद्धा."

मी बोटं स्नायूवरून काढून घेतली.

"मला शंका होतीच," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले. "चाळीस वर्षं कापड हाताळतोय. ताणून सोडलं की ते मागे येतं. त्यात कापडाचं काही कर्तृत्व नसतं." मग स्प्लिंट डाव्या हातानं माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा हा. पुरे झालं."

मी नेहमीचं सांगितलं. सहा आठवड्यांनी सर्जन बघणार आहेत. नस आपोआप आली काय किंवा ऑपरेशन करावं लागलं काय, बोटं लवचीक राहिली तरच हात कामाचा. आत्ता सोडलं तर सांधे आखडतील, मग नस येऊनही काही उपयोग नाही.

"हे तुम्ही दर वेळी सांगता."

"हो."

"आणि दर वेळी शून्य."

"हो."

उपचार थांबवण्याचा एक फॉर्म असतो. रुग्णाची इच्छा, रुग्णाची सही. तो माझ्या पिशवीत होता आणि मी तो बाहेर काढला. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. मंगळवारी एक जिना कमी. त्या टेपकडे न बघण्याचा आटापिटाही संपला. सही डाव्या हातानं चालेल, असंही मी म्हणाले.

तेवढ्यात चार वाजले. चार वाजता या घरात शास्त्रपाठ होतो. काकू रोज बायबलमधला एक अध्याय वाचतात, ओळीनं, मग त्यात लढाया असोत की वंशावळ्या. त्या दिवशी त्यांना वाचायचं नव्हतं, ते दिसत होतं. तरी बसल्या, खूण होती तिथे उघडलं आणि शिक्षा भोगावी तशा वाचू लागल्या.

दुष्काळाची गोष्ट होती. देवाचा संदेष्टा डोंगरावर जातो, पाऊस मागत गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि चाकराला समुद्राकडे बघायला पाठवतो. चाकर येऊन सांगतो, काही नाही. परत जा. काही नाही. असं सातव्या खेपेपर्यंत. सातव्या खेपेला समुद्रातून वर येणारा तळहाताएवढा ढग.

"थांब," मास्तर म्हणाले. "सहा वेळा तो 'काही नाही' म्हणाला?"

"हो."

"बिचारा. त्याचे गुडघे गेले असतील. ताई, त्याला तुमच्याकडे पाठवायला हवं होतं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"मी असतो तर तिसऱ्या खेपेलाच म्हटलं असतं, हो, दिसतंय काहीतरी. म्हाताऱ्याचं मन राखायला."

काकूंनी मान खाली घातली. "मी तेच केलं. पाळकांना जाऊन सांगितलं."

"तू नाही केलंस. तुला दिसलं ते तू सांगितलंस. मला ठाऊक असून मी तोंड शिवून बसलो. ते मी केलं." मग त्यांनी विचारलं, "संदेष्टा त्याच्यावर चिडला का गं?"

काकूंनी ओळींवरून बोट फिरवलं. "नाही. परत जा, एवढंच."

"नीट बघितलंस का, असंही नाही?"

"तसंही नाही."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी ढगाकडेच बघत आले आहे. त्या सहा खेपांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. वास्तविक माझं शिक्षण असं की 'काही आढळलं नाही' हीसुद्धा नोंद असते, आणि ती खरी असली तर तिची किंमत कमी नसते. तरी पाच महिने मी प्रत्येक शून्य चोरी केल्यासारखं लिहीत होते. ढग आणणं त्या चाकराचं काम नव्हतं. त्यानं जायचं, बघायचं आणि येऊन खरं सांगायचं. बाकीचं ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच होतं.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. डाव्या हातानं टाचणी उपसायला वेळ लागला. काकू पुढे झाल्या तर म्हणाले, "राहू दे." टाचणी त्यांनी पुतळ्यावरच्या कोटाच्या कॉलरला टोचली.

"गणित चुकलं असं नाही, ताई. पण देवाला टेप लावून बसलो होतो मी. रोज त्याला उशीर झाला म्हणून मोजत होतो." उजवा हात उशीवर ठेवून ते म्हणाले, "बघा परत."

"आत्ताच बघितला, मास्तर."

"ते हिच्यासाठी. आता माझ्यासाठी."

मी बोटं ठेवली. "उचला." त्यांनी डोळे मिटले. बोटांखाली काहीतरी टपटपल्यासारखं झालं आणि मी श्वास रोखला. मग दुसरा हात स्वतःच्या गळ्याशी नेऊन मोजलं. ठोके जुळत होते. ती माझीच नाडी होती.

"काही नाही," मी म्हणाले. या वेळी ते म्हणायला जड गेलं नाही.

"बरं. मग पुढच्या मंगळवारी."

काकूंनी स्प्लिंट चढवला, पट्टे आवळले. "येत्या रविवारी मी उठून सांगेन," त्या म्हणाल्या. "हात उठलेला नाही, प्रार्थना चालू ठेवा."

"मीही येतो बरोबर. लोक बघतील तर दोघांकडे बघू देत."

"आणि ताई, तो कागद?" काकूंनी विचारलं.

फॉर्म अजून टेबलावर होता. मी तो घडी घालून पिशवीच्या तळाशी टाकला.

पुढचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या वळणावर मी थांबले, कठड्याला टेकले आणि वही काढली. तारीख लिहिली. पुढे शून्य, नीट गोल, टोकं जुळवून. त्याखाली पुढच्या मंगळवारची तारीख. पाय दुखत होते ते दुखतच होते. वही पिशवीत ठेवली आणि वर चढू लागले.