पान उलटायचं बटन

श्रावण लागला की डोमाभाऊ संध्याकाळी पोथी वाचायचा आणि पान उलटायची देवकाबाई. बाईला अक्षराचा गंध नव्हता. पण नवऱ्याचा आवाज पानाच्या शेवटी जरासा उतरला की तिचं बोट पानाखाली गेलंच म्हणून समजा! तळ्यातल्या जाळ्यांनी डोमाभाऊचे हात खरबरीत झालेले. त्यानं पान धरलं की फाटायचंच, म्हणून लग्न झाल्यापासून हे काम तिचं.

ती गेली आणि पोथी फडक्यात बांधून फळीवर गेली. "वाचत काऊन नाई, भाऊ?" शेजारची बुधरी विचारायची. "डोळे गेले," म्हणे. डोळे अधू झाले होते, खोटं कशाला बोला? पण डावीकडे कोणी बसलेलं नसलं की त्याच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता.

त्याचा लेक अमर पुण्याला कंपनीत. कामानं परदेशी गेला, तिथून त्यानं पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं. त्यात सारी पोथी चढवलेली, अक्षर चिंचोक्याएवढं. डाव्या कडेला बटन. दाबलं की टक्, पुढचं पान. पहिल्यांदा ते टक् ऐकून म्हातारा दचकला, डावीकडे पाहू लागला. मग जो वाचत सुटला, साऱ्या श्रावणात थांबला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात यंत्र ओट्यावरून पडलं. पडदा काळा ठिक्कर. अमर नवं घेऊन आला.

"बाबा, याले बटन नाई. पडद्यावर नुसतं बोट फिरव."

"बटन काऊन काढलं?"

"आता सारं असंच येऊन राह्यलं. लई सोपं आहे."

काय डोंबलाचं सोपं! बोट फिरवलं, पान मुकाट सरकलं. घरात कसला म्हणून आवाज नाही. डोमाभाऊनं यंत्र खाली ठेवलं. "जमत नाई मले."

अमरचं तोंड उतरलं. त्यानं जुनं यंत्र उचललं. "हे तरी भंगारात टाकतो."

"हात नको लावू त्याले!" म्हातारा असा ओरडला की अमर बघतच राहिला.

अमर परत गेला. घर खायला उठलं. श्रावणातल्या पहिल्या संध्याकाळी डोमाभाऊनं हातपाय धुतले, दिवा लावला आणि नवं यंत्र मांडीवर घेतलं. जुनं, बंद पडलेलं, डावीकडे देवकाबाईच्या पाटावर ठेवलं.

वाचता वाचता पान संपत आलं. आवाज उतरला. त्यानं डावा हात लांबवून जुन्या यंत्राचं बटन दाबलं. टक्. मग नव्यावर बोट फिरवलं.

"हं," डोमाभाऊ पाटाकडे पाहून म्हणाला, "आइक वं पुढं."